तीन एकर, उसाचा फड की चाकण?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही केज तालुक्यातले, जिल्हा बीड. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, चौथी पास झालेली मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तीन एकर कोरडवाहू रान आहे. २०२४ ला अठरा क्विंटल सोयाबीन झालं, आडतीवर ४,१०० रुपये क्विंटलने गेलं. खर्च ४७ हजार झाला होता. २०२५ ला सप्टेंबरच्या पावसात उभं पीक गेलं. मग ८० हजार उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आम्ही दोघं लेकरांसकट ऊस तोडायला गेलो. पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, तेव्हा टोळी नेणारा मुकादम म्हणाला, २२ हजार अजून अंगावर आहेत, पुढच्या साली या. शिवाय गावातल्या एकाकडून ४० हजार शेकडा तीनने घेतलेत. मालक म्हणतात, एक एकर विकू, देणं फेडू आणि सगळेच चाकणला जाऊ. त्यांचा चुलतभाऊ तिथं कंपनीत आहे, त्याच्या हातात १६ हजार येतात. सासरे म्हणतात, तुम्हाला शहराची हाव सुटलीय. मुलगी म्हणते, मी परत फडावर येणार नाही. पेरणी तोंडावर आली आहे. आम्ही काय करावं? आणि आम्ही खरंच हावरे आहोत का?

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात सलत राहिला तर बाकीचं काही नीट ऐकू यायचं नाही. तुम्ही हावऱ्या नाही आणि तुमचे मालकही नाहीत. तुम्हीच लिहिलेला हिशेब पुढे मांडते. अठरा क्विंटलचे ७३,८०० रुपये आले. त्यातून ४७ हजार वजा केले की उरतात २६,८००. घरात सहा माणसं आणि वर्षाचे बारा महिने. म्हणजे माणशी महिन्याला ३७२ रुपये. हे पीक हाती आलेल्या वर्षाचं. यात तुमच्या आणि सासूबाईंच्या खुरपणीची मजुरी धरलेलीच नाही, कारण घरच्या बाईची मजुरी कुणी धरत नाही. एवढ्यावर सहा माणसांचं घर चालत नाही, हे कळायला शहर बघावं लागत नाही.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. तो मिळाला असता तर तुमच्या घरात आणखी १४ हजारांच्या वर रक्कम आली असती. मग तुम्ही ४,१०० ने का घातलं? तुमचे सासरे याला घाई म्हणत असतील, पण ती मजबुरी होती. खरेदी केंद्रावर आधी नोंदणी करायची, नंबर लागायची वाट बघायची आणि मालात ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर पोती परत न्यायची. ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली ती नोव्हेंबरात, तोवर दिवाळी होऊन गेली होती. ज्याच्या घरी गोदाम आहे आणि देणेकरी दारात उभा नाही, तो थांबू शकतो. तीन एकरवाला मळणीच्या चिखलातून थेट आडतीवर जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा तुमच्यासारख्यांचं सोयाबीन रानात हिरवं होतं. नवा माल बाजारात येईपर्यंत तो भाव जवळपास निम्म्यावर आला.

सगळ्या पत्रात मला जी खरी अडचण दिसते ती सांगते. शेतीचा पैसा वर्षातून एकदा येतो, आला तर. खर्च दर महिन्याला येतो: तेल-मीठ, सासूबाईंच्या गोळ्या, वह्या, लाइटबिल, मोबाइलचं रिचार्ज. मधले अकरा महिने कुणाच्या तरी पैशावर काढावे लागतात आणि तो पैसा फुकट मिळत नाही. शेकडा तीन म्हणजे ४० हजारांवर महिन्याला १,२०० रुपये, वर्षाचे १४,४००. चांगल्या पिकाच्या वर्षी तुमच्या रानातून २६,८०० उरले, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या या व्याजात जातील. उचलीचंही तसंच आहे. ऑक्टोबरात हाताला पैसा हवा म्हणून पुढच्या पाच महिन्यांचं अंग तुम्ही आधीच विकून ठेवलंत. लाडक्या बहिणीचे १,५०० तुम्हाला मिळत असतील तर आठवून बघा, रक्कम लहान असली तरी घरात किती आधार वाटतो. दर महिन्याला येते म्हणून.

गावं रिकामी होतात ती याच फटीतून. माणसं शहराच्या झगमगाटाला भुलून निघतात असं पुष्कळ लोक लिहितात, बोलतात. मला ते पटत नाही. बहुतेक माणसं महिन्याच्या महिन्याला पैसा मिळावा म्हणून निघतात. एकदा हे मान्य केलं की तुमचा निर्णयही याच कसोटीवर घासायचा: चाकणला खरोखर दर महिन्याला, खात्रीचा पैसा मिळणार आहे का, आणि तो मिळवताना गावातला आधार तर तुटत नाही ना?

सासऱ्यांवर रागावू नका. त्यांच्या वडिलांच्या काळी तुमच्या घराकडे किती जमीन होती ते त्यांना एकदा विचारा. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. तुमचे तीन एकर अगदी त्याच मापाचे आहेत. भावाभावांत वाटण्या झाल्या, रान तेवढंच राहिलं, खाणारी तोंडं वाढली. सासऱ्यांना जे शेत आठवतं ते बहुधा या शेताच्या तिप्पट होतं. बियाणं घरचं होतं, बैल घरचे होते; आता नांगरटीपासून मळणीपर्यंत प्रत्येक कामाला रोख पैसे मोजावे लागतात. दोष त्यांच्या कष्टात नाही, तुमच्याही नाही.

कुणी म्हणेल, हा सगळा दुष्काळाचा प्रकार, पाणी आलं की माणसं थांबतील. पाण्याने फरक पडतो, मी नाकारत नाही. एका विहिरीला पाणी लागलं तरी रब्बीचं एक पीक वाढतं. पण रत्नागिरीकडे बघा. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. तुकड्यांची भातशेती चार महिन्यांची, बाकीचे आठ महिने हाताला काम नाही. म्हणून कोकणातला माणूस शंभर-दीडशे वर्षं मुंबईची वाट धरत आला.

कोकणातल्या त्या माणसांकडून तुमच्या मालकांनी एक गोष्ट शिकावी असं मला वाटतं. गिरणीत लागलेला माणूस एकटा जायचा, चाळीच्या खोलीत दहा-पंधरा जणांत पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि घरी मनीऑर्डर पाठवायचा. गावचं घर आणि वाफे त्याने मोडले नाहीत. त्याची किंमत बायकांनी मोजली, हेही विसरू नये; शेत, म्हातारी माणसं, लेकरं, सगळं एकटीच्या अंगावर. पण जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि कित्येकांना पुन्हा कधीच काम मिळालं नाही. तेव्हा ज्यांचं गावाला काही शिल्लक होतं त्यांना परतायला जागा तरी होती. २०२० च्या टाळेबंदीतही तेच दिसलं. पुण्या-मुंबईहून माणसं चालत निघाली ती जिथं छप्पर आणि दोन वेळची भाकरी आहे तिकडे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: एक एकर विकू नका. आज विकलेलं रान तुमच्या पगारातून परत घेता येणार नाही. तुमचं देणं ६२ हजारांचं आहे. ते एका वर्षात फिटण्यासारखं आहे, त्यासाठी कायमची वस्तू घालवू नये. विक्रीचे पैसे एकदम हातात आले की देणं फिटून उरलेले खोलीच्या डिपॉझिटमध्ये, मोटारसायकलच्या हप्त्यात, कुणाच्या लग्नात कसे जातात ते मी खूप घरांत पाहिलं आहे.

दुसरं: यंदा सगळ्यांनी एकदम जाऊ नये. मालकांनी पेरणी उरकून, जुलैत, एकट्याने जावं. कारण साधं आहे. १६ हजारांत चौघांचं बिऱ्हाड चाकणच्या बाजूला मांडलं तर एका खोलीचं भाडं पाच हजारांच्या घरात जातं. लाइट-पाणी, गॅस, किराणा, दूध-भाजी, येण्याजाण्याचं भाडं आणि लेकरांचं एखादं आजारपण धरलं की महिन्याच्या शेवटी हजार-दीड हजार उरतात, कधी तेही नाहीत. म्हणजे कर्ज तसंच आणि गावी पाठवायला काही नाही. तोच माणूस चार-पाच जणांत खोली घेऊन राहिला, मेस लावली, तर सहा हजारांत भागतं आणि दहा हजार हातात राहतात. त्यातले आठ हजार देण्याला आणि दोन हजार घराला लावा. शेकडा तीनचं कर्ज आधी फेडा, कारण ते रोज वाढतं. पाच-सहा महिन्यांत ते संपेल. मग मुकादमाचे २२ हजार, आणखी तीन महिने. पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत तुम्ही मोकळ्या व्हाल.

हे नऊ-दहा महिने तुम्हाला जड जाणार आहेत. रान, सासू-सासरे आणि दोन लेकरं तुमच्या एकटीवर येतील. म्हणून मालक निघण्याआधीच काही गोष्टी ठरवून घ्या, भीड धरू नका. खुरपणीला मजूर लावायचा की तणनाशक मारायचं, काढणी कुणाकडून करून घ्यायची, त्याला किती पैसे बाजूला ठेवायचे. सगळे तीन एकर झेपत नसतील तर दोन एकर भावकीत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, द्या. एका हंगामापुरतंच, दोन माणसांसमोर कागदावर लिहून. आणि दोन हजार महिन्याला तुमच्या खात्यावर यावेत, सासऱ्यांच्या किंवा दिराच्या हाती नव्हे. घर तुम्ही चालवणार आहात.

चाकणच्या नोकरीबद्दल मला काळजी आहे ती वेगळी. चुलतभावाच्या हातात १६ हजार येतात, ठीक. पण किती महिने येतात? कंपनीच्या दारावर नाव मोठं असतं, माणूस मात्र ठेकेदाराच्या पटावर असतो. सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात, मग महिनाभर खोलीवर बसायचं आणि दुसऱ्या ठेकेदाराकडे नव्याने लागायचं. माणूस कायम होऊ नये म्हणून हे चालतं. महिन्याच्या महिन्याला पैसा हवा म्हणून तुम्ही निघताय, तर हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. चुलतभावाला तीन गोष्टी दाखवायला सांगा: पगाराची पावती, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड. पावती नसेल, कापलेला पीएफ खात्यावर दिसत नसेल, तर ते १६ हजार १६ हजार नाहीत. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, कामावर ठेवणाऱ्याला सव्वातीन टक्के भरावे लागतात आणि त्यातून कामगारावर व त्याच्या कुटुंबावर उपचार होतात. तुमच्यासारख्या घरात एका दवाखान्याने वर्षाची कमाई जाते, म्हणून हे कार्ड मला पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. कारखान्यात जादा तास काम केलं तर दुप्पट दराने पैसे मिळायला हवेत, हेही मालकांना माहीत असू द्या. आणि कामाला लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, ओळखीचा असला तरी.

फडाबद्दल. मुलगी नाही म्हणते, तिचं ऐका. फडावर गेलेल्या मुलींचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल: आई-बाप पहाटे कोयता घेऊन निघतात, कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला थोरली राहते, पाणी भरते, भाकरी थापते आणि मार्चमध्ये गावच्या शाळेत परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. यंदा ती पाचवीत आहे. हीच वर्षं सुटली की पोरगी शाळेतून सुटते. जानेवारी २०२४ मध्ये लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती हक्काची होती आणि उशिरा झाली. पण दर वाढला तरी आधी उचल, मग काम, वर खाड्याचे, म्हणजे न भरलेल्या दिवसांचे, पैसे कापून हिशेब, ही रीत तशीच राहिली. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडून पाच महिने काढायचे आणि शेवटी अंगावर २२ हजार निघायचे, या हिशेबात तुमची बाजू कुणी लिहिलेली असते?

तेच मुकादमाला विचारा. दसऱ्याची वाट बघू नका, आत्ताच जा. मालक, सासरे आणि गावातला एखादा शब्दाला वजन असलेला माणूस बरोबर घ्या. किती टन तोडला, हंगामात घरखर्चाला खर्ची किती दिली, खाडे किती धरले, हे लिहून मागा. जे खरं निघेल ते हप्त्याने देऊ म्हणा आणि प्रत्येक हप्ता बँकेतून किंवा फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते. तो म्हणाला की फेडायचं तर कोयताच धरावा लागेल, तर तसं म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. धमकी दिली, घरी येऊन बसला, तर तहसीलदारांकडे आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सगळे मुकादम वाईट नसतात. कारखान्याची उचल त्यांच्याही अंगावर असते. त्यामुळे सुरुवात भांडणाने करू नका, हिशेबाने करा.

रानाचे कागद ढिले सोडू नका. पेरणी झाली की ई-पीक पाहणी त्याच रानात उभं राहून मोबाइलवरून करावी लागते. मालक निघण्याआधी ती तुम्ही शिकून घ्या. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर हमीभावाची खरेदी, विमा आणि नुकसानीची मदत या तिन्ही ठिकाणी अडतं. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२ हजार सासऱ्यांच्या खात्यावर येत असतील, ते बी-खतासाठीच राखा, म्हणजे जूनमध्ये पुन्हा शेकड्याने पैसे काढावे लागणार नाहीत. पीककर्जाचं खातं थकलेलं असेल तर पुढे त्याकडे बघा. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, आणि शेकडा तीनच्या जाळ्यातून सुटायचा तोच सरळ रस्ता आहे.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही आणि लेकरांनी जायचं की नाही, ते तेव्हा ठरवा. तोवर मालकांना नोकरी कितपत टिकते ते कळेल, देणं उतरलेलं असेल. गेलात तर जूनमध्येच जा, शाळेच्या मध्यात नको. आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, मुलगी तिच्या वयाच्या वर्गात बसेल. रेशनही अडणार नाही. अंगठा देऊन तिकडच्या दुकानातून तुमच्या वाट्याचं धान्य घेता येतं आणि सासू-सासऱ्यांचं गावात मिळत राहतं. तिथं गेल्यावर तुम्हालाही पॅकिंगचं किंवा कॅन्टीनचं काम मिळू शकेल, आणि खरं तर दोघांची कमाई सुरू झाली तरच चौघांचं बिऱ्हाड चाकणला परवडतं. पण धाकट्याला कोण बघणार, हे ठरल्याशिवाय त्या पैशावर विसंबू नका. सासूबाई काही महिने येतील का, हे त्यांनाच विचारून बघा. त्यांना कुणी विचारलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

सासऱ्यांना एवढंच सांगा की रान विकायचं नाही असं ठरलं आहे, आणि पुढच्या खरिपालाही पेरणी होणार आहे. त्यांचा विरोध बहुधा चाकणला नाही, त्या एक एकराला आहे.

चुलतभावाची पगाराची पावती मिळाली की त्यावर काय काय कापलं आहे ते मला लिहून कळवा. मालकांनी गाडीत बसण्याआधी आपण ती एकदा नीट वाचू.